'शाळेचे नाव' हा रकाना आणि बाकी सगळं: घरी शिकणाऱ्या मुलांना गणिताच्या स्पर्धांपर्यंत कसं न्यायचं

फॉर्मवरचा चौथा रकाना होता 'शाळेचे नाव'. लेक तेव्हा १३ वर्षांची. पाचवीनंतर ती शाळेत गेली नव्हती, आणि गणिताचं वेड असं की मी भाकरी थापायला बसले की परातीतल्या पिठात बोटाने वर्तुळं काढून त्यांच्या स्पर्शिकांबद्दल बोलायची. गणित तिला येत होतं. त्या रकान्यात काय लिहायचं हे मला येत नव्हतं. जवळच्या एका शाळेत विचारायला गेले, तर "फक्त आमच्याच मुलांना बसवतो" असं उत्तर मिळालं. दुसरीकडे विचारेपर्यंत मुदत संपली आणि ते वर्ष गेलं.

आज मागे बघताना कळतं की तयारीत कमी पडलो नव्हतो. शाळा काही कामं कुणाला न सांगता करत असते: नावनोंदणी, ओळखीचा कागद, वेळ लावून पेपर लिहायची सवय, आणि शेजारच्या बाकावर बसलेलं, तोच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवणारं पोर. घरी शिकवायचं ठरवलं की ही कामं आपल्याकडे येतात. ती वर्षभर आधी हातात घेतली तर मुलाचं काहीही अडत नाही.

आधी स्पर्धा निवडा

'ऑलिम्पियाड' या शब्दाने पालकांची फार फसगत होते. अनेक खासगी संस्था या नावाने परीक्षा घेतात, पदकं देतात. त्यांत भाग घेऊ नये असं नाही, पण त्या परीक्षा आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडच्या भारतीय संघापर्यंत नेत नाहीत. तिकडे नेणारा रस्ता एकच आहे आणि त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत.

पहिली पायरी आयओक्यूएम, म्हणजे इंडियन ऑलिम्पियाड क्वालिफायर इन मॅथेमॅटिक्स. ही परीक्षा भारतातल्या गणित शिक्षकांची संघटना, एमटीए इंडिया, घेते. आठवी ते बारावीच्या वयाच्या मुलांसाठी असते आणि गेली काही वर्षं सप्टेंबरच्या सुरुवातीच्या रविवारी होते. ३ तास, ३० प्रश्न, १०० गुण: १० प्रश्न २ गुणांचे, १० प्रश्न ३ गुणांचे, १० प्रश्न ५ गुणांचे. प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधली पूर्ण संख्या. पर्याय दिलेले नसतात, त्यामुळे अंदाजाने टिक मारायची सोय नाही.

पुढची पायरी आरएमओ, म्हणजे विभागीय गणित ऑलिम्पियाड, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. ३ तासांत ६ प्रश्न, आणि इथे नुसतं उत्तर चालत नाही, सिद्धता लिहावी लागते. त्यातून निवडलेली मुलं जानेवारीत आयएनएमओ, म्हणजे राष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड, देतात: पुन्हा ६ प्रश्न, पण साडेचार तास. तिथे चमकलेल्यांना उन्हाळ्यातल्या प्रशिक्षण शिबिराला बोलावतात आणि त्या शिबिरातून ६ जणांचा संघ ठरतो. या वरच्या पायऱ्यांचं काम मुंबईत मानखुर्दला असलेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघतं. भारताचा संघ १९८९ पासून जातो आहे, आणि १९९६ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा तर मुंबईतच झाली होती.

मुलगी असेल तर आणखी एक दार आहे. युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिम्पियाडला भारत २०१५ पासून मुलींचा संघ पाठवतो, आणि त्याची निवडही याच वाटेने होते. अनेक आया-बाबांना हे माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगते आहे.

मूल अजून लहान असेल तर घाई नको. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान पाचवी-सहावीच्या मुलांसाठी बीएमटीएससी ही परीक्षा घेतं. तिथले प्रश्न पाठांतराचे नसतात, त्यामुळे पहिल्या स्पर्धेसाठी ती मला सगळ्यांत योग्य वाटते. गणित अध्यापकांच्या महामंडळाच्या प्रावीण्य आणि प्रज्ञा परीक्षाही चांगल्या आहेत, पण त्यांचे फॉर्म शाळांमार्फत भरले जातात. ओळखीची एखादी शाळा बसवून घ्यायला तयार असेल तरच त्या हाती लागतात.

कागदांची फाईल

हे काम जूनच्या आधी उरकायचं. आयओक्यूएमची नोंदणी पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होते आणि तेव्हा धावाधाव केली की माझ्यासारखं वर्ष हुकतं.

मूल आधी शाळेत जात असेल तर शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रतीत घरी हवा. 'नंतर घेऊ' म्हणून अनेक जण तो शाळेतच ठेवतात आणि चार वर्षांनी हेलपाटे घालतात. दाखला, जन्मदाखला आणि आधार या तिन्हींवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा. आमच्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर होतं. ते सरळ करण्यात दीड महिना गेला.

मग इयत्तेचा प्रश्न. घरी शिकणाऱ्या मुलाला इयत्ता नसते, पण फॉर्मला हवी असते. यावर सर्वांत सरळ उपाय म्हणजे एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. तिच्या मूलभूत शिक्षणाचा 'क' स्तर आठवीशी समकक्ष आहे. दहावीच्या स्तरासाठी वयाची १४ वर्षं पूर्ण असावी लागतात. प्रवेश घेतला की नोंदणी क्रमांक आणि फोटोचं ओळखपत्र मिळतं, आणि 'शाळेचे नाव' या रकान्यात लिहायला खरं, तपासता येईल असं उत्तर मिळतं. राज्य मंडळातून बाहेरून परीक्षा द्यायची असेल तर १७ नंबरचा फॉर्म आहेच. त्यालाही शाळा सोडल्याचा दाखला लागतो.

काही पालक म्हणतात, "प्रमाणपत्रांच्या चक्रातून सुटायलाच तर शाळा सोडली." त्यांची भावना मला मनापासून कळते. तरीही त्यांनी मुंबईच्या मालविका जोशीची गोष्ट लक्षात ठेवावी. सातवीत शाळा सोडलेली ही मुलगी आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स (म्हणजे संगणक प्रोग्रॅमिंगच्या) ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवून २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीला गेली. बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंद होतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने तेवढी तिची दखल घेतली. तिच्याएवढी पदकं प्रत्येकाकडे नसणार. दहावी-बारावी मुक्त विद्यालयातून शांतपणे देऊन ठेवली तर पुढे मुलाला निवड करता येते.

फाईलमध्ये एवढं असू द्या: जन्मदाखला, आधार, दाखला, एनआयओएसचं ओळखपत्र किंवा प्रवेशाची पावती, आणि फिक्या पार्श्वभूमीवरचे ताजे फोटो. सगळ्याचे स्कॅन फोनमध्ये वेगळ्या फोल्डरला.

केंद्र कसं गाठायचं

त्या वर्षीचं माहितीपत्रक निघालं की पात्रतेचा भाग दोनदा वाचा. जन्मतारखेची चौकट दर वर्षी पुढे सरकते. बारावी उत्तीर्ण झालेल्यांना बसता येत नाही. दहावी-बारावी लवकर देऊन मोकळं होण्याचा विचार असेल तर हे गणित आधी मांडा, नाहीतर १६ व्या वर्षी बारावी होऊन ऑलिम्पियाडची दोन वर्षं हकनाक जातील.

परीक्षा नोंदणीकृत केंद्रांवर होते आणि बरीचशी केंद्रं शाळांमध्येच असतात. नुसतं फोनवर विचारू नका, कारण फोन उचलणाऱ्या कारकुनाला या परीक्षेची माहिती असतेच असं नाही. केंद्र समन्वयकाला चार ओळींची ईमेल लिहा: मूल घरी शिकतं, वय इतकं, मुक्त विद्यालयाचा क्रमांक हा, आपल्या केंद्रावर बसता येईल का. सोबत ओळखपत्र जोडा. ईमेल एकाच वेळी तीन केंद्रांना पाठवा. लेखी उत्तर आलं की ते छापून फाईलमध्ये ठेवा. दुसऱ्या वर्षी आम्ही हेच केलं आणि घरापासून ४० किलोमीटरवरच्या एका शाळेने दोन दिवसांत होकार कळवला. मुख्याध्यापकबाईंनी वर लिहिलं होतं, "मुलीला घेऊन या, भेटायला आवडेल."

घरचा अभ्यास: एक प्रश्न, चार दिवस

घरी शिकणाऱ्या मुलाची खरी श्रीमंती आहे वेळ. एका प्रश्नावर चार दिवस घालवणं कुठल्याच शाळेला परवडत नाही, आणि ऑलिम्पियाडचं गणित तर तसंच शिकलं जातं.

आमच्याकडचंच सांगते. एका दुपारी पाऊस लागून राहिला होता. पत्त्यांच्या कॅटातून बदामचे एक्का ते दश्शी काढले आणि लेकीला म्हटलं, "हे दहा पत्ते गोलात हवे तसे मांड. शेजारशेजारच्या तीन पत्त्यांची बेरीज १७ किंवा जास्त, असं एक तरी त्रिकूट सापडणारच. का ते सांग."

आधी अर्धा तास ती मला खोटं पाडायच्या मागे लागली. मोठे पत्ते लांब लांब ठेवून बघितले, जमलं नाही. मग गप्प बसली आणि कागद घेतला. गोलात एकूण १० त्रिकुटं. प्रत्येक पत्ता ३ त्रिकुटांत येतो. सगळ्या पत्त्यांची बेरीज ५५, म्हणून सगळ्या त्रिकुटांची मिळून १६५. प्रत्येक त्रिकूट १६ किंवा कमी असतं तर एकूण १६० च्या वर गेलीच नसती. म्हणजे एक तरी १७ चं किंवा जास्तचं हवंच.

इथे पाठ थोपटून पुढचा प्रश्न घेणं सोपं होतं. मी विचारलं, "१८ का नाही?"

पत्ते चार दिवस टेबलावर तसेच पडून होते. आम्ही जेवायला खाली बसलो. चौथ्या दिवशी सकाळी दात घासता घासता ती बाहेर आली आणि एक्का उचलून बाजूला ठेवला. "आता नऊ उरले, बेरीज ५४. एक्क्याच्या पुढून तीन-तीनचे गठ्ठे कर. तीन गठ्ठे, सरासरी १८. एक तरी १८ किंवा जास्त असणारच." मग १९ ची खात्री देता येईल का, हे तिने स्वतःच काढलं आणि दुपारपर्यंत मांडणी सापडली: १, १०, ६, २, ९, ५, ४, ८, ३, ७. गोल फिरून बघा, कुठलंच त्रिकूट १८ च्या वर जात नाही. प्रश्न तिथे खऱ्या अर्थाने संपला.

तुम्हाला स्वतःला गणित येत नसेल तर यातलं काय करता येईल? बरंच. मी वाणिज्य शाखेची. माझं काम एवढंच असतं की तिने लिहिलेली सिद्धता मोठ्याने वाचायची आणि प्रत्येक ओळीला "का?" विचारायचं. पत्त्यांच्या प्रश्नाला तिने आधी लिहिलं होतं, "एक्का काढला की तीन गठ्ठ्यांची सरासरी १८." मी विचारलं, गठ्ठ्यातले पत्ते मूळ गोलात शेजारीच होते कशावरून? एक्का मधे आला असेल तर? तिने एक ओळ वाढवली: मोजणी एक्क्याच्या लगेच पुढच्या पत्त्यापासून सुरू केली आहे, म्हणून एकाही गठ्ठ्यात एक्क्याची जागा मधे येत नाही. आरएमओत गुण जातात ते अशाच न लिहिलेल्या ओळींमुळे. तोंडी शिकलेल्या, झटपट विचार करणाऱ्या मुलांचा हा ठरलेला कच्चा दुवा असतो. आठवड्यातून दोन सिद्धता स्वच्छ अक्षरात, एवढा नेम पुरतो, पण तो मोडू देऊ नका.

विषय चारच: संख्या सिद्धांत (नंबर थिअरी), बीजगणित, भूमिती आणि मोजणीचं गणित, ज्याला मुलं 'काँबी' म्हणतात. कॅल्क्युलस लागत नाही. घरी आवडीने शिकणारी मुलं भूमिती मागे टाकतात असा माझा अनुभव आहे, कारण आकृती काढायचा कंटाळा. कंपास आणि पट्टी घेऊन रोज एक मोठी आकृती काढायला लावा. होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर जुने पेपर मोफत मिळतात. क्लासची फी भरण्याआधी ते सगळे संपवा. उत्तरं मात्र छापून आपल्याकडे ठेवा, मुलाच्या हातात देऊ नका.

मराठीतून शिकणाऱ्या मुलासाठी एक छोटी वही वेगळी करा. त्यात पेपरमधले इंग्रजी शब्द आपल्या भाषेत लिहायचे: 'ॲट लीस्ट' म्हणजे किमान, 'ॲट मोस्ट' म्हणजे जास्तीत जास्त, 'डिस्टिंक्ट' म्हणजे सगळे वेगवेगळे, 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे त्याच क्रमाने, 'कोप्राइम' म्हणजे सहमूळ. 'डिस्टिंक्ट' वाचायचं राहिलं म्हणून सबंध प्रश्न चुकलेला मी पाहिला आहे. अशा ५०-६० शब्दांत काम भागतं.

घड्याळ आणि ओएमआर

जुलैपासून दर दुसऱ्या रविवारी एक पूर्ण पेपर. सकाळी, टेबल-खुर्चीवर, तीन तास, मधे उठायचं नाही. घरी शिकणाऱ्या मुलाला भूक लागली की उठायची सवय असते, आणि परीक्षेत पहिला तास त्यातच विस्कटतो.

ओएमआरचा, म्हणजे गोल रंगवून उत्तर भरायच्या कागदाचा, सराव फार महत्त्वाचा. कोरा नमुना छापून घ्या आणि काळ्या बॉलपेनने गोल रंगवायला लावा. उत्तर ७ असेल तर दशकाच्या घरात ० आणि एककाच्या घरात ७, असं ०७ भरायचं असतं. लेकीने पहिल्या सराव पेपरात तीन उत्तरं एकाच घरात रंगवली होती. घरी चुकलं म्हणून निभावलं. शेवटची १५ मिनिटं फक्त गोल भरायला ठेवायची सवय लावा.

सोबत शोधा

हे सगळ्यांत अवघड, आणि पालक नेमकं हेच टाळतात. एकट्याने सोडवणाऱ्या मुलाला आपली रीत हीच एकमेव रीत वाटायला लागते. तीन-चार मुलं जमवा. सगळी घरी शिकणारीच असायला हवीत असं काही नाही, शेजारची शाळेत जाणारी मुलंही शनिवारी संध्याकाळी मोकळी असतात. एक फळा, एक प्रश्न, दीड तास. एकाने फळ्यावर मांडायचं, बाकीच्यांनी अडवायचं. मोठ्यांनी चहा द्यायचा आणि उत्तर सांगायचं नाही.

अशा गटाला पर्पल कॉमेट ही स्पर्धा अगदी साजेशी आहे. ती मोफत आणि ऑनलाइन आहे, एप्रिलमध्ये होते, संघ १ ते ६ जणांचा. लहान वयोगटाला ६० मिनिटांत २० प्रश्न, मोठ्या वयोगटाला ९० मिनिटांत ३० प्रश्न. एक मोठं माणूस देखरेखीला लागतं आणि ते पालक असू शकतं, शाळेचा शिक्का लागत नाही. मुलं स्वतःच प्रश्न वाटून घेतात, एकमेकांची उत्तरं तपासतात, भांडतात, पुन्हा बसतात. सांघिक स्पर्धा वर्षाच्या सुरुवातीला झाली की आयओक्यूएमच्या वेळी भीती बरीच ओसरलेली असते.

अमेरिकेत घरी शिकवणारी मराठी कुटुंबं अधूनमधून विचारतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. तिथली मुख्य वाट एएमसी, म्हणजे अमेरिकन मॅथेमॅटिक्स कॉम्पिटिशन्स, या परीक्षांची. एएमसी ८ मध्ये ४० मिनिटांत २५ प्रश्न, एएमसी १० आणि १२ मध्ये ७५ मिनिटांत २५. घरच्या टेबलावर आई-बाबांच्या देखरेखीखाली ही परीक्षा देता येत नाही. जवळची शाळा, कॉलेज किंवा गणित मंडळ केंद्र म्हणून शोधावं लागतं. शाळा सुरू होण्याच्या सुमारासच विचारा, कारण प्रश्नपत्रिका केंद्रं आधी मागवून ठेवतात. सहावी ते आठवीच्या वयाला मॅथकाउंट्स आहे आणि त्यात घरी शिकणाऱ्या मुलांना रीतसर जागा आहे.

पेपरचा दिवस

केंद्र आदल्या आठवड्यात एकदा बघून या. हॉलतिकिटाच्या दोन प्रती, मूळ ओळखपत्र, दोन काळी पेनं, पेन्सिल, कंपास, पाण्याची बाटली. सोबत केंद्राने पाठवलेल्या ईमेलची छापील प्रत, कारण दारावरच्या शिक्षकाला तुमची हकिगत माहीत नसते. आम्हाला तिथे थांबवलं होतं. तो कागद दाखवल्यावर दोन मिनिटांत आत सोडलं.

मुलाला वर्गाबद्दल आधी सांगून ठेवा. घंटा वाजते, पर्यवेक्षक सही घ्यायला मधेच येतात, पुढचा मुलगा पाय हलवतो, कुणीतरी खोकत असतं. शाळेतल्या मुलांना हे जाणवतही नाही. आपल्या मुलाला सगळंच नवं असतं. पहिली दहा मिनिटं नुसता पेपर वाच, एवढंच मी लेकीला सांगितलं होतं.

पेपर सुटल्यावर "किती बरोबर आले?" हे गाडीत बसेपर्यंत विचारू नका. तिथेच जरा थांबा. फाटकाबाहेर मुलं घोळक्याने उभी असतात आणि शेवटच्या पाच गुणांच्या प्रश्नांवर हातवारे करत वाद घालत असतात. आपलं मूल त्यांच्यात मिसळू द्या आणि तुम्ही बाजूला उभ्या असलेल्या पालकांशी बोला. त्या दिवशी लेक एका अनोळखी मुलाशी वर्तुळाच्या प्रश्नावरून तावातावाने भांडत होती, आणि मी त्याच्या आईचा फोन नंबर घेतला. तो आणि त्याची धाकटी बहीण आता दर शनिवारी आमच्याकडे येतात.